फडताळाला तक्रार नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीचे पाहुणे गेले, चकल्यांचा चुरा डब्याच्या तळाशी उरला आणि मी पुन्हा या खुर्चीत. उजवा खांदा धरलाय. फिजिओथेरपीवाली मुलगी विचारत होती, "काकू, दिवसाला किती तास बसता?" म्हटलं, मोजत असते तर बसलेच नसते. ती हसली नाही.

वन्सं जाता जाता विचारून गेल्या, "पद्मजा, नोकरी सोडून पाच वर्षं झाली, तू घरात बसून नक्की करतेस काय गं?" मी म्हटलं, फडताळ सांभाळते. त्यांनी बिचाऱ्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग समजावून सांगावं लागलं. फडताळ हा डेटाबेस आहे. चावी द्यायची, त्या चावीखाली ठेवलेली माहिती परत घ्यायची, एवढंच त्याचं काम. मात्र माहिती एका सर्व्हरवर न ठेवता पाचांवर ठेवायची, म्हणजे एखादा बंद पडला तरी काही हरवत नाही. पाचांतला एक लीडर. तो सांगेल ते बाकीच्यांनी लिहून घ्यायचं, आणि निम्म्याहून जास्त जणांनी लिहून घेतलं की ते पक्कं. कोड सगळ्यांना उघडा आहे. कुणीही फुकट घ्यावा, कुणीही सुधारून पाठवावा. "फुकट?" वन्सं म्हणाल्या. त्यापुढचं त्यांनी काही ऐकलं असेल असं वाटत नाही.

खरं तर मलाही हल्ली ऐकवत नाही. तेरा वर्षांपूर्वी दिगंबर आणि मी कंपनीतल्या कॅन्टीनमध्ये बसून हे सुरू केलं, तेव्हा मजा होती. आता दिगंबर औंधातल्या फ्लॅटमध्ये बागकाम करतो आणि महिन्यातून एकदा "छान!" असं लिहितो. तिसरी दीक्षा. ती दिवसभर हिंजवडीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात फडताळाचं बघते. कोडमध्ये कुठलाही बदल घ्यायचा तर आम्हा तिघांपैकी दोघांनी हो म्हणायचं, असा नियम मी पहिल्याच वर्षी केला. प्रत्यक्षात मी हो म्हटलं की दोघंही हो म्हणतात. म्हणजे सगळा भार माझ्याच डोक्यावर.

दमले आहे, हे खरं. समाधान एकच. आमच्या तक्रारींच्या पानावर गेल्या कित्येक महिन्यांत एकही तक्रार नाही. इतर डेटाबेसवाल्यांची पानं बघवत नाहीत, बोंबाबोंब नुसती. आमच्याकडे शांतता. मी त्या पानाच्या वरच नियम लिहून ठेवलेत: सूचना वाचल्याशिवाय विचारू नये, "चालत नाही" ही तक्रार नव्हे, उत्तराची घाई असल्यास दुसरा डेटाबेस पाहावा. आमचे हे, श्रीधर, म्हणाले, "साता समुद्रापार पुणेरी पाटी लावलीस की." लावली. उपयोग झाला ना?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दीक्षाचा सकाळीच निरोप. शहरातल्या काही रक्तपेढ्यांनी मिळून एक यंत्रणा केली आहे, कोणत्या गटाचं रक्त कुठं शिल्लक आहे ते दाखवणारी. ती फडताळावर चालते, हे मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमानही आहे. तर परवा तिथं घोटाळा झाला. कात्रजच्या एका पेशंटसाठी शनिवार पेठेतल्या पेढीत एक पिशवी शिल्लक दिसली. मुलगा रिक्षा करून तिथं पोचला, तर पिशवी आधीच दुसरीकडे गेलेली. सुदैवाने कर्वे रोडला दुसरी मिळाली.

कारण दीक्षाने शोधून ठेवलं होतं. शनिवार पेठेतला सर्व्हर लीडर होता. त्याचं बाकीच्यांशी नेटवर्क तुटलं. बाकीच्या चौघांनी रीतसर नवा लीडर निवडला. जुन्याला काहीच कळलं नाही. तो आपला स्वतःला लीडर समजून शिळी उत्तरं देत बसला. हे होऊ नये म्हणून मीच फार पूर्वी सोय केली आहे: अमुक सेकंदांत बाकीच्यांकडून निरोप आला नाही की लीडरने गप्प बसायचं. पण त्या सर्व्हरचं घड्याळच हळू चालत होतं. त्याचे सेकंद संपतच नव्हते.

म्हणजे दोष घड्याळाचा. आमच्या सूचनांत स्वच्छ लिहिलंय की सर्व्हरची घड्याळं जुळवून ठेवावीत. मी दीक्षाला लिहिलं, "त्यांना सूचना वाचायला सांग." तिने लिहिलं, "सांगते."

तिला हे कुठून कळलं कोण जाणे. पानावर तर काही नाही. या मुलीला चुका वासावरून सापडतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

दीक्षाने बदल पाठवला. मी सांगितलेलं नसताना. तिचं म्हणणं, घड्याळावर विसंबूच नये. कुणी काही विचारलं की उत्तर देण्याआधी लीडरने बाकीच्यांकडून खात्री करून घ्यावी, "अजून मीच आहे ना?" निम्म्याहून जास्त जणांनी हो म्हटलं, तरच उत्तर द्यावं.

कोड स्वच्छ आहे. असणारच, मीच शिकवलंय तिला. अकरा वर्षांपूर्वी कंपनीत आली तेव्हा मीटिंगमध्ये तोंड उघडायची नाही. मी हाताशी धरली म्हणून आज इथवर आली, आणि ते ती कधी विसरत नाही, हा तिचा चांगुलपणा.

पण बदल घेता येणार नाही. दर वेळी विचारपूस करत बसायचं म्हणजे वेग निम्म्यावर. फडताळाचं नाव कशावर आहे? वेगावर. चार लोकांना विचारून विचारून लीडर राहायचं, तर लीडर हवा कशाला? मी तसं लिहिलं. जरा कडक लिहिलं गेलं असेल, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी एकदा स्पष्ट लिहिलेलं बरं, म्हणजे पुन्हा कुणी विचारत नाही.

तिचं उत्तर: "बरं मॅडम."

शनिवार, १५ नोव्हेंबर

खांदा. दिवसभर शेक. श्रीधरनी पोळ्या आणल्या कोपऱ्यावरून, चामड्यासारख्या होत्या. दोघांनी तशाच खाल्ल्या.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दिगंबरशी व्हिडिओवर बोलले. मागे त्याच्या कुंड्या दिसत होत्या. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण चेहऱ्यावर तजेला आहे. काम न करणाऱ्यांचा असतोच.

"पद्मजा, अगं, दीक्षाचा बदल वाचलास ना नीट?"

"वाचला. वेगाचं काय?"

"रक्तपेढीला वेग कशाला हवाय? खरं उत्तर हवंय त्यांना."

"फडताळ फक्त रक्तपेढी वापरते का?"

यावर तो म्हणाला, "तू थकलेली दिसतेस. जरा महिनाभर दीक्षावर सोड ना सगळं."

सोड म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी सोडलं तर दुसऱ्या दिवशी सगळं कोसळेल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो निवांत कुंड्या भरतोय. म्हटलं, मी माझ्या पद्धतीने दुरुस्त करते. घड्याळ थोडं चुकलं तरी चालेल, इतकी जास्तीची सवड ठेवते. "छान," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर रडू आलं. कशाचं ते कळलं नाही. चहा केला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

माझा बदल लिहून झाला. आठ दिवस घातले. पूर्वी एका दुपारचं काम होतं हे. मध्येच आपण कुठल्या फाइलमध्ये आहोत तेच आठवेना, आणि एक भाग दीक्षाने मागच्या वर्षी पूर्ण बदललाय हे मला आजच समजलं. त्याला हो मीच म्हटलेलं आहे. कसं म्हटलं असेन?

बदल पाठवला. दिगंबर गप्प. दीक्षाही गप्प. ती हल्ली कमीच बोलते. घरी लग्नाचं वगैरे बघत असतील.

शनिवार, ६ डिसेंबर

माझ्या बदलावर दीक्षाचं मत हवं होतं. सकाळपासून फोन करतेय, बंद. निरोप टाकला, वाचलेला नाही. जबाबदारी म्हणजे काय हे या पिढीला शिकवायचं कुणी?

श्रीधर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आज तिचा लागायचा नाही."

"का?"

"सहा डिसेंबर आहे."

"मग? शनिवार आहे, ऑफिसलाही सुट्टी आहे. वेळच वेळ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेपर उलटला. यांना काही सांगायचं असलं की ते असंच पेपर उलटून सांगतात.

रविवार, ७ डिसेंबर

दीक्षाचा फोन आला. "मॅडम, काल बाबांबरोबर दादरला गेले होते. फोन घरीच ठेवला होता." मी म्हटलं, अगं, सांगून जायचं. ती म्हणाली, "दरवर्षी जाते."

माझ्या बदलाबद्दल विचारलं. तिने सांगितलं की चाचणीत पाचांतल्या एका सर्व्हरचं घड्याळ तिने बरंच हळू केलं आणि पुन्हा शिळंच उत्तर आलं. मी म्हटलं, इतकं हळू घड्याळ कुणाचं असतं? ती म्हणाली, "शनिवार पेठेतल्या पेढीचं आहे." आवाजात राग नव्हता. असता तर मला काही बोलता आलं असतं.

गुरुवार, ११ डिसेंबर

पुन्हा झालं. तीच पेढी. बाळंतपणात रक्तस्राव होणारी बाई, दुर्मीळ गट, पिशवी शिल्लक दिसत होती आणि नव्हती. पाऊण तास गेला. बाई वाचली, आयसीयूमध्ये आहे. बाळ बरं आहे.

हे मला दिगंबरने सांगितलं आणि दिगंबरला दीक्षाने. मला थेट का नाही, असं विचारणार होते, त्याआधीच दिगंबर म्हणाला, "पद्मजा, मी दीक्षाच्या बदलाला हो म्हणतोय. आजच."

मी म्हटलं, "माझं ऐक."

तो म्हणाला, "तेरा वर्षं तेच केलं गं."

जेवण गेलं नाही. त्या बाईचं नावही मला माहीत नाही. तिच्या नवऱ्याने स्क्रीनवर जे वाचलं असेल, ते उत्तर माझ्या कोडने दिलं होतं, एवढंच डोक्यात फिरतंय. आणि त्यातही मनाचा एक कोपरा म्हणतोच आहे की घड्याळ जुळवून ठेवायला काय झालं होतं. मीच माझ्या मनाला कंटाळले.

शनिवार, १३ डिसेंबर

दीक्षाचा बदल घेतला गेला. दिगंबर हो, दीक्षा हो. माझ्या नावासमोर रिकामं. तिघांपैकी दोघं. संध्याकाळपर्यंत रक्तपेढ्यांनी नवी आवृत्ती चढवलीसुद्धा.

कुठल्या कुठल्या देशांतले लोक येऊन खाली आभार मानून गेले. मी यांतल्या कुणालाच ओळखत नाही. सगळे "थँक यू दीक्षा" म्हणतायत. जणू कित्येक वर्षांची ओळख.

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी श्रीधरांजवळ मनसोक्त बोलले. मला न विचारता माझ्याच घरात, वगैरे. ते शेंगा सोलत होते. सगळं ऐकून म्हणाले, "नियम कुणी केला होता?"

"मी."

"मग चांगला केलास. चालला की."

कधी कधी वाटतं, या माणसाशी तीस वर्षं संसार केला याबद्दल मला काहीतरी मिळायला हवं.

दुपारी मेल उघडलं. दीक्षाचं पत्र, दिगंबरला आणि मला. चार ओळी. "नवा बदल नीट चालतोय. महिनाअखेर मी फडताळाचं काम थांबवते आहे. माझं नाव यादीतून काढावं. तुम्हा दोघांकडून खूप शिकले."

पहिल्यांदा वाटलं, जिंकून वर रुसवा? नंतर पुन्हा वाचलं. रुसवा कुठं दिसेना. पत्र माझ्याच पद्धतीने लिहिलेलं होतं, एकही जास्तीचा शब्द नाही. मला भीती वाटली. फडताळ बंद पडेल ही भीती नेहमीचीच, तिची सवय आहे. ही वेगळी होती. दीक्षा मला पुन्हा फोन करणार नाही, याची.

बुधवार, १७ डिसेंबर

आज दीक्षाच्या घरी गेले. विश्रांतवाडीला. बस बदलून, खांदा सांभाळत. न कळवता गेले, कारण कळवलं असतं तर तिने नको म्हटलं असतं. तिने आज रजा घेतल्याचं दिगंबरकडून कळलं होतं.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. भीमराव. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, ताठ बसतात, कपडे इस्त्रीचे. "या मॅडम. आपण पहिल्यांदाच येताय." अकरा वर्षांत, असं ते म्हणाले नाहीत. बाहेरच्या खोलीत एक भिंत भरून पुस्तकं. मी म्हणून गेले, "अरे वा, केवढी पुस्तकं आहेत तुमच्याकडे!" ते म्हणाले, "घर आहे, मॅडम. पुस्तकं असायचीच." मी कौतुकाने म्हटलं होतं. पण दीक्षाने मान खाली घातली, आणि माझे कान गरम झाले. आत्ता लिहितानाही होतायत.

चहा आला. मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, तुझा बदल बरोबर होता, आता थांब, सोडू नकोस. हवं तर यापुढे मुख्य नाव तुझं, माझं खाली. मला वाटलं होतं, हे ऐकून तिचा चेहरा उजळेल. तिने फक्त कप खाली ठेवला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "बोला मच्छिंद्र," म्हणत ती गॅलरीत गेली. बराच वेळ "हं, हं" चाललं होतं. परत आल्यावर मी विचारलं, कोण?

"शनिवार पेठेतल्या पेढीत सर्व्हर बघतात ते. नवी आवृत्ती ठीक चालतेय म्हणून सांगत होते."

"मग तुला कशाला फोन? पान आहे ना आपलं?"

"पानावर कुणी लिहीत नाही, मॅडम."

"तक्रार नसेल तर कशाला लिहितील?"

दीक्षा म्हणाली, "तक्रारी आहेत. रोज असतात. माझ्याकडे येतात."

मला आधी समजलंच नाही. मग तिने शांतपणे सांगितलं. नाशिकच्या, केनियातल्या, कुठल्या कुठल्या माणसांचे तिला मेल येतात. पुण्यातले फोन करतात. ती चूक शोधते, दुरुस्त करते आणि आपणहून सापडल्यासारखी पाठवते. "मी पानावर लिहायला सांगायचे त्यांना. ते म्हणायचे, तिथं नको. मच्छिंद्रनी चार वर्षांपूर्वी एकदा लिहिलं होतं. तुमचं उत्तर होतं, 'आधी मराठी किंवा इंग्रजी यांपैकी एक भाषा नीट लिहायला शिका, सर्व्हरकडे त्यानंतर वळू.' त्यानंतर त्यांनी माझा नंबर शोधून काढला."

मला ते आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. ओळखू येतं.

"त्या घड्याळाचंही त्यांनी मला मागच्या वर्षीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी तुमच्यापाशी विषय काढला होता. तुम्ही म्हणालात, सूचना वाच."

"मग तू भांडायचं होतंस माझ्याशी."

"तुमच्याशी भांडायला ताकद लागते, मॅडम. ती फोन घेण्यात संपायची. जेवताना फोन, बसमध्ये फोन. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला घरात माणसं बसली होती आणि मी जिन्यात उभी राहून कुणाचा तरी सर्व्हर चालू करून देत होते. मला तुमची जागा नकोय. मला झोप हवीय."

भीमराव इतका वेळ खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "बेटा, चहा गार झाला तुझा." बस, एवढंच. मला कुणी काही टाकून बोललं नाही. निघताना ते बसस्टॉपपर्यंत सोडायला आले, बस येईपर्यंत उभे राहिले. शेवटी म्हटलं, "मुलगी फार गुणी आहे तुमची." ते म्हणाले, "हो. माहीत आहे."

शुक्रवार, १९ डिसेंबर

काही केलं नाही. पडून राहिले.

पानाकडे बघत बसले मध्येच. वर माझे नियम आणि खाली कोरं. किती अभिमान होता मला या कोरेपणाचा. वाटायचं, आपलं काम इतकं चोख की कुणाला बोलायला जागाच नाही. लोक दारावरूनच परत जात होते.

श्रीधरांना सगळं सांगितलं. ते काही खवचट बोलले नाहीत. त्याने जास्तच वाईट वाटलं.

रविवार, २१ डिसेंबर

नियम काढून टाकले. त्यांच्या जागी काय लिहावं यात अर्धा दिवस गेला. जे लिहीन ते टोमण्यासारखं वाटत होतं. "कृपया निःसंकोच लिहावे" हेसुद्धा. शेवटी लिहिलं: "काही अडलं तर लिहा किंवा फोन करा. पद्मजा." खाली माझा नंबर.

दीक्षाला कळवलं, तुझ्याकडे ज्यांचे फोन येतात त्यांना माझा नंबर दे. तिने लिहिलं, "दिला." तिचं नाव अजून यादीतून काढलेलं नाही. दिगंबर म्हणाला, राहू दे, परत येईल. मी म्हटलं, तिने काढायला सांगितलंय. काढलं.

मंगळवार, ३० डिसेंबर

फोन नाही. नऊ दिवसांत एकही नाही. एक आला तो कर्ज हवंय का विचारणारा, त्यालाही मी नीट उत्तर दिलं. श्रीधर चकित.

पूर्वी या शांततेत मला झोप लागायची. आता फोन खिशात घेऊन फिरते, अंघोळीला जाताना बाहेर स्टुलावर ठेवते. लोकांचे सर्व्हर अडत असणार. कुणाकडे जात असतील? कुणाकडेच नाही, बहुतेक. आपलं आपण निस्तरत असतील. दिगंबरने मात्र एक चांगलं केलं, कुंड्या सोडून जुन्या चाचण्या पुन्हा चालवायला घेतल्या. "छान," मी लिहिलं.

सोमवार, ५ जानेवारी

आज सकाळी भाजी निवडत होते. फोन वाजला, अनोळखी नंबर. उचलला.

"हॅलो, हा नंबर दीक्षा मॅडमनी दिलाय. त्याच बोलताय का?"

"नाही. मी पद्मजा बोलतेय. फडताळाचीच. बोला ना."

पलीकडे कुठल्या तरी यंत्राचा घुमणारा आवाज. मग, "नाही नाही मॅडम, काही नाही. चुकून लागला. सॉरी हां." आणि ठेवला.

मेथीची जुडी तशीच हातात. विश्रांतवाडीला दीक्षा गॅलरीत फोनवर बोलली तेव्हा पलीकडचा आवाज मला ऐकू आला नव्हता, पण ते मच्छिंद्र असणार, याची खात्री वाटली. पहिल्यांदा मनात आलं ते नेहमीचंच: नको तर नको. आम्ही काय पाय धरायचे का? हे मनात आलं, तसंच लिहून ठेवते.

मग मी तो नंबर परत लावला. उचलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा लावला. कट केला. श्रीधर समोर येऊन बसले आणि मेथी निवडायला लागले. तिसऱ्यांदा लावला.

"मॅडम, खरंच काही नाही. आमचं आम्ही बघतो."

"मच्छिंद्र ना तुम्ही? ठेवू नका. मी तुम्हाला एकदा फार वाईट लिहिलं होतं. त्याचा राग राहू द्या, पण काय अडलंय ते सांगा."

मग ते हळूहळू बोलायला लागले. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की तो बाकीच्यांत मिसळायला फार वेळ घेतो. सांगताना त्यांनी दोन शब्द चुकीचे वापरले. दोन्ही वेळा दुरुस्ती माझ्या जिभेवर आली होती, दोन्ही वेळा गिळली. सोपं नाही हे. या वयात नव्याने शिकण्यासारखं आहे. कारण मला फोनवर सापडलं नाही. मी तसं सांगितलं, मला समजलेलं नाही, आज बघते, संध्याकाळी मीच फोन करते. ते म्हणाले, "चालंल की."

मला वाटलं, झालं. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"मॅडम, आता बोलतोयच तर अजून एक हाय. जुनंच हाय. दीक्षा मॅडमना कधी बोललो न्हाई."

"का नाही बोललात?"

"त्या लई दमलेल्या असायच्या. आवाजावरनं कळायचं."

अकरा वर्षं मी तो आवाज रोज ऐकत होते. श्रीधरांनी मेथी निवडायची थांबवली, कारण माझा चेहरा बदलला असावा. मी डाव्या हाताने डोळे पुसले आणि मच्छिंद्रना म्हटलं, "बोला, मी ऐकतेय."